चंद्रावरून आलेला फोटो

हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल त्या संध्याकाळी इतका भरला होता की जिन्यात उभ्या असलेल्यांना आत काय चाललंय ते पुढच्याच्या पाठीवरून ओळखावं लागत होतं. पुढची पाठ ताठ झाली की समजायचं, फोटो येतोय. पाठ हलायला लागली की समजायचं, कुणीतरी रडतंय.

"आला का हो?"

"थांबा जरा, अजून घुं घुं चाललंय."

"कुणाचा आहे?"

"कंडक्टरच्या आईचा."

घुं घुं करत होती ती एक पेटी. कपाटाएवढी, रुपेरी रंग दिलेली, डोक्यावर छत्री उलटी ठेवावी तशी थाळी आणि पोटाला एक फट. सर तिला 'चांद्रग्राहक' म्हणत. सर म्हणजे पांढरा कोट, पांढरे बूट, आणि आवाज असा, की दवाखान्यात वाईट बातमी सांगायला निघालेल्या माणसाला वाटेत चांगली बातमी सापडावी. ते स्वतःला महाराज वगैरे म्हणवून घेत नसत. 'मी एक साधा संशोधक आहे' असं उठताबसता सांगत. दाराशी एक डबा होता, त्यावर 'स्वेच्छा' असं लिहिलं होतं, आणि डब्याशेजारी उभा असलेला त्यांचा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याच्या स्वेच्छेवर फार बारीक नजर ठेवून असे.

पेटी घुमत होती तोवर सरांनी शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र उंच धरलं.

"हा फोटो चंद्रावर गेलेल्या माणसांनी काढलाय. जमीन दिसते? दिसते. वर पृथ्वी दिसते? दिसते. आणि आकाश? कोरं! अहो, चंद्रावर हवा नाही, ढग नाहीत, धूर नाही. तिथून तर तारे नुसते लखलखायला पाहिजेत. मग गेले कुठे?"

"लाजले असतील," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

सरही हसले. "लाजले नाहीत. त्यांनी ओळख दिली नाही. रस्त्यात अनोळखी माणूस भेटला तर तुम्ही ओळख देता का? यंत्राला तारे दिसत नाहीत, मंडळी. तारे दिसायला प्रेम लागतं. तुमचं प्रेम मनोलहरींवर बसून वर जातं, चंद्रावर माझा सूक्ष्म कॅमेरा आहे तिथं पोचतं, आणि मग तुमचं गेलेलं माणूस ओळख देतं. तारा होऊन."

सूक्ष्म कॅमेरा म्हणजे काय, तो तिथं कुणी नेऊन ठेवला, हे कुणी विचारलं नाही. ज्याचं माणूस गेलेलं असतं त्याला असले प्रश्न सुचत नाहीत. त्याला एकच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर देणारा कुणीही चालतो.

फटीतून फोटो बाहेर आला. खाली राखाडी, खडबडीत जमीन. वर काळंभोर आकाश, त्यात निळी गोल पृथ्वी, आणि सगळीकडे पसरलेले तारे. पृथ्वीच्या उजव्या अंगाला एक तारा इतरांपेक्षा जरा मोठा. दिवसभर बसमध्ये 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून ओरडणारा कंडक्टर तो फोटो दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून "आई" याच्यापुढे शब्द फुटेना.

भिंतीला टेकून हे सगळं बघणाऱ्यांत फोटोकाकाही होते.

सारी गल्ली त्यांना फोटोकाकाच म्हणे. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्यांत घर. ज्यांची बारशापासूनची चित्रं त्यांनी काढली ती माणसं आता स्वतःच खिशात कॅमेरा घेऊन हिंडत, त्यामुळे स्टुडिओत कुणी आलंच तर पासपोर्टच्या फोटोसाठी. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते एवढंच, की फोटो काढून झाल्यावर पडद्यामागं वळून 'बघ गं, डोळे उघडे आलेत का' असं विचारायची सवय अजून सुटत नव्हती. पडद्यामागच्या टेबलाशी आता कुणी बसत नव्हतं.

जुन्या काळी ते टेबल बायकोचं होतं. फिल्मवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोवर तिथं पांढरा ठिपका उमटतो. नवऱ्यामुलाच्या काळ्या कोटावर, नवरीच्या केसांत, शाळेच्या गटाच्या फोटोत तर सगळ्या मुलांवर. "काय हो, यांच्या लग्नात बर्फ पडला होता का?" असं म्हणून ती बारीक कुंचला घ्यायची, रंगात बुडवायची आणि एकेक ठिपका मिटवत बसायची. झालं, की फोटो खिडकीशी नेऊन तिरका धरायची. चकचकीत कागदावर जिथं कुंचला लागलाय तिथं चमक मरते. सरळ बघितलं तर काही कळत नाही, पण तिरकं धरलं की ती जागा धुरकट दिसते. आपलं काम किती दिसतंय ते ती असं तपासायची. घरातला प्रत्येक कागद तिरका धरून बघायची तिला खोडच लागली होती. डॉक्टरांनी शेवटचा रिपोर्ट हातात दिला तेव्हा तोसुद्धा तिनं तिरका धरला, आणि म्हणाली, "यात काही मिटवता येण्यासारखं नाही."

ती गेल्यावर घर फार शांत झालं. लेक लांबच्या गावी, नोकरीत अडकलेली, फोनवर भेटणारी. बाकी आवाज म्हटला तर एकच. मधल्या भिंतीपलीकडे शिंपीणबाईंचं शिलाई मशीन. सकाळी ते सुरू झालं की फोटोकाकांना वाटायचं, चला, जगात कुणीतरी उठलंय. मग ते उठायचे आणि एक कप चहा ठेवायचे. कधी चुकून दोन.

हॉलमध्ये त्यांना पहिल्यांदा घेऊन गेल्या त्या शिंपीणबाईच. त्या बायकोच्या मैत्रीण, तिला ताई म्हणायच्या आणि म्हणून यांना भाऊजी. नवरा कधीच गेलेला आणि एकुलता मुलगा अपघातात गेला त्यालाही आता काही काळ लोटला होता. त्यांच्याकडे मुलाच्या ताऱ्याचा फोटो आधीच आला होता.

"भाऊजी, एकदा चला. ताई दिसतील."

"वहिनी, मी जन्मभर फोटोच काढले. असं कुठं असतं का?"

"नसलं तर नसलं. संध्याकाळी घरात बसून तरी काय करता?"

ते गेले. बायकोचा एक फोटो पाकिटात घालून फटीत टाकला, डोळे मिटले, पेटी घुं घुं करत राहिली आणि बायको तारा होऊन बाहेर आली. पृथ्वीच्या डाव्या अंगाला, जराशी वर.

खरं सांगायचं तर त्यांच्या नजरेनं पहिल्या क्षणीच तक्रार केली होती. जन्मभर उजेड मोजणारी नजर ती. जमीन स्वच्छ, पृथ्वी स्वच्छ आणि तारेही स्वच्छ? हे कसं जमलं? पण नजरेला त्यांनी गप्प बसवलं. फोटो घरी आणून पलंगाशेजारच्या फळीवर ठेवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली. मग रोजचंच झालं. चहा घेताना फोटोशी बोलायचं, बाहेर जाताना सांगून जायचं. एकदा तर मीठ कुठं ठेवलंय म्हणून त्यांनी फोटोला विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले.

लेकीला हे मिठासकट कळलं तेव्हा तिनं फोनवर आधी थट्टा केली. "बाबा, काय म्हणतोय तुमचा चांदोबा?"

"सर म्हणतात त्यांना."

"चांदोबाच तो. बाबा, खरं सांगा, आई तारा झालीय असं वाटतं तुम्हाला?"

"तुला काय त्रास होतो?"

"तुम्ही एका कागदाशी बोलत बसता याचा त्रास होतो मला."

"मग कुणाशी बोलू?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एका सकाळी मशीन वाजलं नाही.

आधी त्यांना वाटलं, आपणच लवकर उठलो. मग वाटलं, काम नसेल. दुसऱ्या दिवशीही भिंत गप्प राहिली तेव्हा ते पलीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. आत शिंपीणबाई खाटेवर पडलेल्या, ओठ सुकलेले, उशाशी पाण्याचा रिकामा तांब्या आणि खाली दुसरा, तोही रिकामाच. मशीनवर कुणाची तरी अर्धी बाही सुईखाली तशीच अडकून राहिली होती.

"वहिनी! अहो, काय झालं?"

"काही नाही. तहान लागते फार."

"इंजेक्शन घेतलं का?" त्यांना साखरेचा आजार होता, रोज सकाळी स्वतःच्या हातानं इंजेक्शन घ्यायच्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

शिंपीणबाई हसल्या. दमलेलं, सुखी हसू. "बंद केलंय. सर म्हणाले, औषधानं लहरी जड होतात, वर पोचत नाहीत. हे बघा ना, किती जवळ आलाय तो." त्यांनी उशीखालून दोन फोटो काढले. पहिल्यात मुलाचा तारा पृथ्वीपासून लांब होता, दुसऱ्यात बराच जवळ. "बोलावतोय मला. पुढच्या फोटोत टेकेल, असं सर म्हणाले. टेकला की भेट."

भेट म्हणजे काय ते फोटोकाकांच्या लक्षात आलं आणि ते चौकाकडे धावले.

डॉक्टरबाई चौकातच बसायच्या. तोंडानं फटकळ, पण पायात चपला घालत घालत धावत आल्या. सुई टोचली, सलाईन लावलं, नाडी धरून बसल्या आणि रुग्ण सावरल्यावर फोटोकाकांना बाहेर अंगणात घेऊन गेल्या.

"आज वाचवलं मी. उद्याचं इंजेक्शन तिनं स्वतः घ्यायचंय. दवाखान्यात चला म्हटलं तर येत नाही, हात जोडते. तिच्या डोक्यात तो तारा आहे तोवर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही. आणि तारा काढायचं हत्यार माझ्या बॅगेत नाही, काका."

"मी बोलतो."

"बोला. पण तुमच्याही फळीवर तसलाच एक आहे म्हणे."

फोटोकाका तांब्या भरायला आत वळले.

संध्याकाळी शिंपीणबाईंजवळ बसून त्यांनी सुरुवात केली. "वहिनी, तो फोटो खोटा आहे."

"कशावरून?"

"माझा धंदाच आहे तो."

"मग ताईंचा?"

शिंपीणबाई कुशीवर वळल्या. "आधी तुमचा फेका भाऊजी. मग मला सांगायला या. स्वतः रोज ताईंशी बोलता, भिंतीतून ऐकू येतं मला. मी कधी म्हटलं का, खोटं आहे म्हणून?"

ते घरी आले. दिवा लावला. फळीवरून फोटो उचलला आणि बराच वेळ नुसता हातात धरून बसले. मग खिडकीशी गेले, बायको जायची तसे, आणि फोटो तिरका धरला.

बाकीचे तारे चमकत राहिले. ते छापलेले होते, कागदाचेच होते. एकच तारा धुरकट झाला. पृथ्वीच्या डाव्या अंगाचा, जरासा वरचा.

पांढऱ्या रंगाचा ठिपका. कुंचल्याचा. तोही आळशी हाताचा, कड सांडलेली. तिनं असं काम कधी बाहेर जाऊ दिलं नसतं.

आता नजरेला गप्प बसवायची सोय राहिली नाही. नजरेनं पहिल्या दिवसाची तक्रारही पुढं केली. त्यांना गच्चीवरची ती गोष्ट आठवली. लग्न नवीन होतं. अंधार पडल्यावर बायको गच्चीवर हटून बसली, मागं तारे येतील असा माझा फोटो काढा. त्यांनी फ्लॅश मारून काढला, ती छान आली, मागं नुसता काळा पडदा. "तारे कुठं गेले?" मग त्यांनी कॅमेऱ्याची पापणी बराच वेळ उघडी ठेवून काढला, तारे आले, पण तिला हसू आवरेना, ती हलली आणि फोटोत तिचा नुसता धूर झाला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून ती म्हणाली होती, "म्हणजे एकतर मी, नाहीतर तारे. दोन्ही नाही मिळायचं तुम्हाला."

त्यावेळी ते हसले होते. आत्ता खिडकीशी उभं राहून ते रडले. बायको गेल्यानंतर इतकं रडले नव्हते.

दोनच दिवसांनी हॉलमधली पुढची बैठक आली. शिंपीणबाई कुणाचं न ऐकता, भिंतीला धरत धरत, तिसऱ्या फोटोसाठी निघाल्या. फोटोकाका त्यांच्यामागून गेले. डॉक्टरबाईही आल्या आणि जिन्याशी उभ्या राहिल्या, बॅग घेऊन.

पेटी घुमायला लागणार इतक्यात फोटोकाका पुढं गेले.

"सर, एक शंका आहे."

"शंका आली की तारा रुसतो, काका."

"रुसू दे. बायको होती ती माझी. तिच्या रुसव्याची सवय आहे मला."

हॉल हसला. सरांनाही हसावं लागलं.

"तुम्ही विचारलंत ना, चंद्रावरच्या खऱ्या फोटोत तारे का नाहीत? मी सांगतो. चंद्रावर माणसं उतरली तेव्हा तिथं दिवस होता. आकाश काळं दिसतं ते हवा नाही म्हणून, पण खाली जमिनीवर लख्ख ऊन. भर दुपारच्या रस्त्यासारखं. पृथ्वीही उन्हात झळाळणारी. असल्या उजेडात कॅमेऱ्याची पापणी क्षणभरच उघडायची, नाहीतर सगळं पांढरं फटक होतं. त्या क्षणात ताऱ्याचा मिणमिणता उजेड उमटेल कसा? तारे तिथंच असतात, फक्त उमटत नाहीत. आणि तारे हवेच असतील तर पापणी उघडी धरून थांबा. तारे येतील, पण पृथ्वी आणि जमीन जळून जातील. तुमच्या फोटोत जमीन छान, पृथ्वी छान, तारेही छान. हा फोटो चंद्रावरून काय, खऱ्या आकाशाखाली कुठूनच एका झटक्यात निघत नाही."

"हे तुमच्या यंत्रांचे नियम," सर शांतपणे म्हणाले. "माझा कॅमेरा सूक्ष्म आहे. मंडळी, काकांचा धंदा मोबाइलनं बसवला, त्याचा राग ते ताऱ्यांवर काढताहेत."

पुन्हा हशा. या वेळी काकांवर.

"कंडक्टर," फोटोकाका म्हणाले, "तुझा मोबाइल काढ. मी या दिव्याखाली उभा राहतो. मागं गच्चीचं दार उघडं आहे, बाहेर तारे आलेत, तुला डोळ्यांनी दिसतात. काढ माझा फोटो."

कंडक्टरनं काढला. पडद्यावर काकांचा चेहरा स्वच्छ आला. मागच्या दारात काळोख.

"एकही नाही," कंडक्टर म्हणाला. त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा दाराकडे बघितलं. "आयला, एकही नाही."

"तुझ्यात प्रेम कमी असेल," मागून आवाज आला. पण या वेळी कुणी फारसं हसलं नाही.

"आता सगळ्यांनी आपापले फोटो काढा," फोटोकाका म्हणाले. "आणि तिरके धरा. असे. दिव्याकडे."

"हे चालणार नाही!" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "याच्यानं लहरी..."

फोटोकाकांनी सरांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला. खिशातून आपला फोटो काढला. बोट पाण्यात बुडवलं आणि ते तिथंच अडलं.

हॉलमध्ये कुणाला कळलं नसेल, पण शिंपीणबाईंना कळलं. त्या पुढच्याच खुर्चीवर होत्या. भाऊजींचं बोट फोटोवर टेकत नव्हतं. बोटावरून पाण्याचा थेंब टेबलावर पडला, मग आणखी एक. उद्या सकाळी चहा कुणाला सांगून प्यायचा? बाहेर जाताना दाराशी कुणासाठी थांबायचं? ठिपका खोटा आहे हे माहीत होऊनही त्यांनी कालपर्यंत त्याला फळीवर ठेवलं होतं.

मग त्यांनी बोट फोटोवर ठेवलं आणि पुसलं.

बोट वर केलं तेव्हा टोकाला पांढरा रंग होता. फोटोत पृथ्वीच्या डाव्या अंगाला काळोख होता, बाकी काही नाही.

"ही माझी बायको," ते म्हणाले. "पाण्यानं गेली."

खिशाखिशांतून फोटो निघाले आणि दिव्याकडे तिरके झाले. मग कंडक्टर म्हणाला, "माझ्या आईवरही डाग आहे. तिरकं धरलं की दिसतोय." बँकेतला कारकून आपला आणि शेजाऱ्याचा फोटो एकावर एक धरून उजेडात बघत होता. "अहो, छापलेले तारे सगळ्यांचे सारखेच आहेत! तोच दगड, तीच खाच. एकाच फोटोच्या प्रती आहेत या, नुसता एकेक ठिपका वेगळा!" त्यानंतर एकच गलका उठला. कुणी पेटी ढकलली. मागची फळी निघाली, आणि आत स्टुलावर बसलेला माणूस घाबरून उभा राहिला. हातात कुंचला, मांडीवर फोटोंचा गठ्ठा, शेजारी बशीत पांढरा रंग, आणि घुं घुं करणारा एक साधा टेबलफॅन, पत्र्याला टेकवलेला.

मागच्या खोलीत बाकीचं सापडलं. टेबलावर सिमेंट आणि राख यांचा थर, त्यात बोटांनी केलेले खळगे. तारेला टांगलेला शाळेतला पृथ्वीचा गोल, त्यावर कापसाचे ढग चिकटवलेले. त्यामागं भोकं पाडलेला काळा पुठ्ठा आणि पुठ्ठ्यामागं दिवा. हा चंद्र, ही पृथ्वी, हे तारे. एकदाच काढलेला फोटो, आणि मग मागेल त्याला मागेल तितक्या प्रती.

सर 'जागेत दोष आहे, प्रयोग बिघडला' असं म्हणत जिन्याकडे सरकले. जिन्यात डॉक्टरबाई उभ्या होत्या. "कोट छान आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही आहे. पण तो घालून मी कुणाची औषधं बंद करत नाही. बसा इथंच, पोलीस येताहेत."

या सगळ्या गोंधळात शिंपीणबाई खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. फोटो छातीशी धरून बसल्या होत्या. फोटोकाका जवळ गेले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"माझा मुलगा एकदा गेला होता. तुम्ही दुसऱ्यांदा नेलात."

डॉक्टरबाईंनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. या वेळी त्या गेल्या, पण फोटो तसाच छातीशी धरून.

त्यानंतरचे दिवस फोटोकाकांना फार जड गेले. गल्लीत लोक त्यांना चहाला बोलावत, पाठ थोपटत, कंडक्टर तर त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेईना. घरी आलं की फळी रिकामी आणि भिंत गप्प. शिंपीणबाई दवाखान्यातून परत आल्या, दाराची कडी वाजलेली ऐकू आली, भांडी वाजली. मशीन मात्र वाजलं नाही. एका दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला. "तुझा चांदोबा पकडला," ते म्हणाले. तिला सगळं कळलं होतं. ती हसली नाही. "बाबा, आता संध्याकाळी मी करत जाईन फोन," एवढंच म्हणाली. "मीठ कुठं आहे ते सांगायला तरी."

मग एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. शिंपीणबाई उभ्या होत्या. हातात फोटो.

"कसा धरायचा तो?"

फोटोकाकांनी दिव्याशी खुर्ची ओढली. शिंपीणबाईंनी फोटो तिरका धरला. पुष्कळ वेळ बघितला. आयुष्यभर सुईत दोरा ओवणारी बाई, तिला तो डाग दिसायला किती वेळ लागणार होता? पण त्या बघत राहिल्या.

"पाणी द्या," त्या म्हणाल्या. काकांनी पेला पुढं केला आणि हातही. "नाही. तुम्ही नका पुसू. मी पुसते."

त्यांनी पुसलं. बोट रुमालाला घासलं. मग रुमालावरच्या त्या पांढऱ्या डागाकडे बघत विचारलं, "मग तो कुठं आहे हो, भाऊजी?"

"माहीत नाही."

"इतकंच?"

"इतकंच. खोटं सांगणारे हॉलमध्ये होते, वहिनी. मला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो. तो या कागदावर नाही. आणि तुम्ही इंजेक्शन न घेतल्यानं तो भेटणार नाही."

शिंपीणबाईंनी रुमालाची घडी घातली. "सकाळी घेतलं मी," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरबाई दारात उभ्या राहतात हो, पोलिसासारख्या."

त्या गेल्यावर फोटोकाकांनी जुना खण उघडला. गच्चीवरचे ते दोन फोटो तळाशी सापडले. धुराचा त्यांनी परत ठेवला. दुसरा फळीवर मांडला. ती छान आली आहे, थोडी चिडलेली, मागं नुसता काळा पडदा. त्या पडद्यामागं त्या दिवशी सगळे तारे होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फोटोत आले नव्हते, इतकंच. या फोटोशी ते बोलत नाहीत. चहा पिताना फक्त बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. आधी अडखळत, मग एका लयीत. फोटोकाका उठले.

तो पांढऱ्या कोटातला माणूस आता पोलिसांच्या ताब्यात आहे, पण तसले कोट पुष्कळ शिवून मिळतात. उद्या कुणी चंद्रावरून फोटो आणेल, परवा आणखी कुठून आवाज आणेल, आणि ज्याचं माणूस गेलंय तो धावत जाईल. त्याला हसू नये. आपल्यावरही ती वेळ येते. पण मन दुखतंय म्हणून डोळे मिटायचे नसतात. ज्याला रडायचं आहे त्यानं खुशाल रडावं, पोटभर रडावं. डोळे पुसून झाले की मात्र हातातला फोटो उजेडाकडे न्यावा आणि एकदा तिरका धरून बघावा.